बाई, पैसे आले!



आज 'मधली सुट्टी'त डबा खाता खाता एक खरी गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आहे आणि थोडी माझ्या फजितीचीही आहे. बाईंची फजिती म्हटलं की तुम्ही कान टवकारणार, ठाऊक आहे मला! पण या फजितीत एका आईचे सहा हजार रुपये गेले. म्हणून हसण्याआधी नीट ऐका.

मुलीचं खरं नाव सांगत नाही. आपण तिला चित्रा म्हणू. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. सगळा वर्ग पाढे म्हणत असायचा आणि हिची पेन्सिल वहीच्या मागच्या पानावर चालू असायची. एकदा वही तपासताना मागच्या पानावर मला मीच दिसले. हातात खडू, नाकावर चष्मा आणि चेहऱ्यावर 'आता कोण बोललं?' असा भाव! रागवायचं राहिलंच, मी ते पान मागून घेतलं. अजून माझ्या कपाटात आहे.

आता चित्रा नववीत आहे. एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेत तिला 'अ' श्रेणी मिळाली. फोटो समोर ठेवून पेन्सिलनं हुबेहूब चेहरा काढते. आधी मैत्रिणींना वाढदिवसाला फुकट काढून द्यायची. मग गल्लीतल्या एका काकूंनी आपल्या आजेसासूबाईंचं चित्र काढून घेतलं आणि हातावर दोनशे रुपये ठेवले. तिच्या आईनं कौतुकानं चित्रांचे फोटो ओळखीच्या ग्रुपवर टाकले. ते तिथून दुसऱ्या ग्रुपवर गेले, तिसऱ्यावर गेले आणि एक दिवस अनोळखी नंबरावरून निरोप आला.

"माझ्या आईबाबांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. फोटो पाठवतो. मोठं चित्र हवं. किती घ्याल?"

चित्रानं घाबरत घाबरत लिहिलं, "पंधराशे."

समोरून लगेच उत्तर आलं, "चालेल!"

घासाघीस नाही, एक प्रश्न नाही. चित्रा तर हवेतच! आठ दिवस रात्री जागून तिनं ते चित्र पूर्ण केलं. त्या बाईंच्या साडीच्या काठावरची नक्षीसुद्धा सोडली नाही. मग चित्राचा फोटो पाठवला. तो माणूस म्हणाला, "सुंदर! आत्ताच पैसे पाठवतो."

त्या दिवशी शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती आणि मी हजेरीपटाचं काम आटपत बसले होते. चित्राचं घर शाळेच्या मागच्याच आळीत. ती आईचा फोन घेऊन धावत आली.

"बाई, पैसे आले!"

मी पाहिलं. फोनवर त्या माणसानं पाठवलेला स्क्रीनशॉट होता. हिरवी बरोबरची खूण, चित्राच्या आईचं नाव आणि खाली आकडा होता १५,०००. पाठोपाठ एक मेसेजही आला होता, 'तुमच्या खात्यात १५,००० रुपये जमा झाले आहेत.'

"अगं, आले की! पण हे तर दहापट आलेत," मी म्हटलं. "त्यांना कळव हो. शाबास!"

कळवायची वेळच आली नाही. चित्रा घरी पोचते तोच त्याचा फोन. "ताई, फार गडबड झाली हो. पंधराशेच्या जागी एक शून्य जास्त पडलं. आईला दवाखान्यात आणलंय आणि माझ्या खात्यात काहीच उरलं नाही. तुमचे पंधराशे ठेवा, बाकीचे परत करा. आधी सहा हजार तरी लगेच पाठवा. इथं भरायचेत."

चित्राची आई शिवणकाम करते. सरळ बाई. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे क्षणभरही नको, असा स्वभाव. तिच्या खात्यात स्वतःचे ६,३०० रुपये होते. शिलाई मशीनला मोटार बसवायची म्हणून वर्षभर साठवलेले. तिनं सहा हजार पाठवले. दोन मिनिटांनी उरलेले साडेसात हजार पाठवायला गेली, तर फोननं सांगितलं, खात्यात पुरेशी रक्कम नाही.

आता तुम्हीच गणित करा. ६,३०० अधिक १५,००० वजा ६,००० किती? १५,३००. मग साडेसात हजार जायला हरकत काय होती? हरकत एवढीच, की पंधरा हजार आलेच नव्हते. खात्यात तीनशे रुपये उरले होते.

मायलेकी माझ्याकडे आल्या. आई काही बोलली नाही. चित्रा मात्र रडत रडत म्हणाली, "बाई, तुम्हीपण म्हणालात ना, आले म्हणून."

मुलांनो, इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून ते उत्तर नीट शोधून आज तुम्हाला सांगतेय. कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण आता कुणाला चित्र काढून देतात, कुणाला आकाशकंदील करून देतात, कुणी फोनवर किंवा संगणकावर निमंत्रणपत्रिका सजवून देतात. कामाचे पैसे घ्यावेत, त्यात कमीपणा काही नाही. पण ते कसे घ्यायचे, हीसुद्धा एक कलाच आहे.

पैसे 'आले' म्हणजे काय?

तुम्ही चित्रकार आहात ना? मग सांगा बरं, स्क्रीनशॉट म्हणजे काय? बरोबर, चित्र! आणि चित्रात आपल्याला हवं ते काढता येतं. चित्रा जर साडीची नक्षी हुबेहूब काढू शकते, तर लबाड माणूस हिरवी खूण आणि पंधरा हजारांचा आकडा का नाही काढू शकणार?

आणि तो मेसेज? मेसेजमध्ये तर कुणीही काहीही लिहू शकतो. मी नंतर नीट पाहिलं, तेव्हा तो साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला होता. बँकेचे असे मेसेज कुणाच्या मोबाइल नंबरावरून येत नाहीत, त्यावर अक्षरांत नाव असतं. पण नाव बघूनही थांबायचं नाही. मेसेज ही फक्त दवंडी. दवंडी ऐकली म्हणून कुणी जेवायला बसतं का? पंगत वाढलेली आधी डोळ्यांनी बघावी लागते.

म्हणून पहिला नियम असा. दुसऱ्यानं दाखवलेलं काहीही म्हणजे पैसे नव्हेत. आपण स्वतः आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जायचं, शिल्लक बघायची, जमा झालेल्या रकमेची नोंद बघायची. ॲप नसेल तर एटीएममध्ये बघा, पासबुक भरून घ्या. आपल्या खात्यात दिसले तरच पैसे आले.

दुसरा नियम. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोपऱ्यावरच्या वाणीकाकांकडे बघा. दुकानाच्या काउंटरवर तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. दिवसभर लोक येतात, स्कॅन करतात, पैसे जमा होतात. काका एकदा तरी पिन टाकतात का? नाही! पिन देणाऱ्यानं टाकायचा असतो. म्हणून कुणी म्हणालं, 'हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे तुम्हाला पैसे मिळतील', तर समजायचं की हात आपल्याच खिशात जातोय. पूर्वी लबाड लोक फोनवर पैशांची 'मागणी' पाठवायचे आणि 'पैसे मिळवण्यासाठी होकार द्या' असं सांगायचे. एका माणसानं दुसऱ्या माणसाला अशी मागणी पाठवण्याची यूपीआयमधली सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. व्यापाऱ्यांकडून येणारी मागणी मात्र चालू आहे. म्हणून नियम तोच ठेवा.

तिसरा नियम. 'चुकून जास्त आले' म्हणणाऱ्याला आपण होऊन परत पाठवायचे नाहीत. आधी खातं बघायचं. खरंच जास्त आले असतील तर बँकेत जाऊन सांगायचं. परत करण्याची रीतसर पद्धत बँकेकडे असते. प्रामाणिक माणूस एक दिवस थांबतो. 'आत्ताच्या आत्ता' हा लबाडाचा शब्द आहे.

चौथा नियम. पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरायचे नाहीत. 'तुमचे दोन हजार मंजूर झालेत, पण नोंदणीचे दोनशे आधी भरा' असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्यायचा.

अर्धं आधी, अर्धं नंतर

चित्राची आणखी एक चूक झाली होती, आणि ती तिच्या लक्षातही आली नव्हती. तिनं एक पैसाही न घेता आठ दिवस काम केलं. तुम्ही म्हणाल, आधी पैसे मागायला लाज वाटते हो बाई! मलाही वाटायची. मी डी.एड. करत होते तेव्हा एका दुकानदारानं माझ्याकडून दुकानाच्या चार पाट्या रंगवून घेतल्या. ओळखीचाच माणूस. पैशांचं म्हटलं की म्हणायचा, "देतो ना, पळून चाललोय का?" पळून तो गेला नाही, पण पैसेही दिले नाहीत. शेवटी मीच तो रस्ता टाळायला लागले. काम मी केलं आणि लाजही मलाच! म्हणजे धोका अनोळखी माणसाचाच असतो असं नाही हं.

आपल्याकडच्या कलावंतांना हे कधीपासून माहीत आहे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रेचे कारभारी तिथं येतात, तारीख ठरवतात, रक्कम ठरवतात. याला 'सुपारी' म्हणतात. ठरलं की इसार द्यायचा. इसार म्हणजे आधी दिलेली थोडी रक्कम. इसार दिला की गावाला भरवसा, की फड येणार. इसार घेतला की फडाला भरवसा, की गाव शब्द फिरवणार नाही. यात कुणालाही लाज वाटत नाही.

आता तिकडे दूर रोममध्ये जाऊ. मायकेलअँजेलो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १४९८ साली तो अवघा तेवीस वर्षांचा होता. एका फ्रेंच कार्डिनलनं, म्हणजे मोठ्या धर्माधिकाऱ्यानं, त्याला संगमरवरी मूर्ती घडवायचं काम दिलं. आईच्या मांडीवर येशूचं निष्प्राण शरीर, अशी ती मूर्ती. तिला 'पिएता' म्हणतात आणि ती आजही व्हॅटिकनमध्ये आहे. या कामाचा लेखी करार झाला होता. एकूण ४५० सोन्याची नाणी ठरली. त्यातली १५० काम सुरू होण्याआधी द्यायची आणि पुढे दर चार महिन्यांनी १००. काम वर्षभरात पुरं करायचं. शिवाय याकोपो गाल्ली नावाचे एक गृहस्थ दोन्ही बाजूंनी जामीन राहिले. मूर्ती ठरल्याप्रमाणे होईल याची हमी त्यांनी कार्डिनलला दिली आणि पैसे मिळतील याची हमी मायकेलअँजेलोला दिली.

बघा, पाचशे वर्षांपूर्वीच सगळं आलं. आधी थोडी रक्कम, मग हप्ते, लेखी कागद आणि मध्ये एक विश्वासाचा माणूस. एवढ्या मोठ्या कलावंताला आगाऊ रक्कम घ्यायला लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

यातली खरी गोम अशी, की काम आणि पैसे यांनी एकमेकांचा हात धरून चालायचं. सगळं काम आधी केलं तर धोका आपला. सगळे पैसे आधी घेतले तर धोका गिऱ्हाइकाचा. त्यालाही वाटणारच की, हे पोर चित्र देणार की नाही? म्हणून लहान कामाला अर्धे आधी, अर्धे चित्र हातात देण्याआधी. मोठ्या कामाचे तीन भाग करावेत. सुरुवातीला एक, कच्चं रेखाटन पसंत पडल्यावर दुसरा आणि शेवटी तिसरा. चित्र फोनवरून पाठवायचं असेल तर आधी लहान, अंधूक प्रत पाठवा आणि तिच्यावर आडवं आपलं नाव लिहा. पूर्ण पैसे आपल्या खात्यात दिसले की मग स्वच्छ, मोठी प्रत द्या.

कोणता रस्ता कशासाठी?

आता पैसे घेण्याचे रस्ते एकेक करून बघू.

रोख. गावातलं, ओळखीतलं, लहान काम असेल तर रोख सगळ्यात सोपं. समोरच मोजून घ्या आणि वहीत तारीख, रक्कम लिहून सही घ्या. एक मात्र पक्कं. चित्र द्यायला किंवा पैसे आणायला अनोळखी माणसाच्या घरी एकट्यानं जायचं नाही. आईबाबांना किंवा दादा-ताईला बरोबर घ्यायचं आणि चार माणसांच्या जागी भेटायचं.

यूपीआय. हे २०१६ साली सुरू झालं आणि आता भाजीच्या गाडीवरही दिसतं. चित्राच्या गोष्टीमुळे याला घाबरू नका. दोष यूपीआयचा नव्हता, न बघता विश्वास ठेवण्याचा होता. खऱ्याखुऱ्या जमा झालेल्या रकमेचं बटण दाबून देणारा ती परत ओढू शकत नाही, म्हणून पैसे घेणाऱ्याला हा रस्ता चांगला. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की आपण चुकून पाठवले तर आपल्यालाही ते ओढून घेता येत नाहीत.

बँकेतून बँकेत. रक्कम मोठी असेल, संस्थेचं किंवा शाळेचं काम असेल तर हे बरं. यासाठी खाते क्रमांक आणि आयएफएससी, म्हणजे शाखेचा अकरा अक्षर-आकड्यांचा संकेत, एवढंच द्यावं लागतं. पिन, ओटीपी, एटीएम कार्डाच्या मागचे तीन आकडे, यातलं काहीही पैसे घेण्यासाठी लागत नाही. कुणी मागितलं की समजा, काहीतरी काळंबेरं आहे.

चेक. मंडळं, पतसंस्था अजून चेक देतात. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलेला चेक घ्या, म्हणजे तो नाव असलेल्या खात्यातच जमा होतो. तारखेपासून तीन महिने तो चालतो, म्हणून वहीत ठेवून विसरू नका. आणि चेक हातात आला म्हणजे पैसे आले नाहीत हं! तो वटून रक्कम खात्यात दिसेपर्यंत चित्र आपल्याकडेच.

परदेशातून. समजा, कुणाच्या अमेरिकेतल्या मावशीच्या मैत्रिणीला चित्र हवंय. तिकडे 'पेपाल' पुष्कळ वापरतात. भारतातल्या भारतात पैसे देण्याची त्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद झाली, पण परदेशातून आलेले पैसे घेता येतात. खातं अठरा वर्षांवरच्या माणसाचंच लागतं, म्हणजे आईबाबांचं. इथं एक लक्षात ठेवायचं. पैसे देणाऱ्याला १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते आणि तक्रार खरी ठरली तर पैसे परत जातात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं हे योग्यच आहे. म्हणून काय ठरलं, केव्हा पाठवलं, कुरिअरची पावती, सगळं सहा महिने तरी जपून ठेवायचं. आणि 'पैसे आलेत' असा ई-मेल आला तर त्यातल्या दुव्यावर बोट ठेवायचं नाही. खातं स्वतः उघडून बघायचं.

भेटकार्डाचे नंबर, कसली कसली नाणी, 'पैसे नाहीत, पण तुझं नाव होईल' असली देणी, हे रस्ते सोडूनच द्या. नावानं रंगपेटी येत नाही!

आणखी एक. कुणी म्हणालं, 'तुझ्या खात्यात दहा हजार येतील, पाचशे तू ठेव, बाकीचे या नंबराला पाठव', तर ते चित्राचं काम नाहीच. तो दुसऱ्या कुणाकडून चोरलेला पैसा असू शकतो आणि माग काढत पोलीस तुमच्या दारात येऊ शकतात.

खातं कुणाचं, शब्द कुणाचा?

"बाई, माझं स्वतःचं खातं असू शकतं का?" हो, असू शकतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बँक ठरवील त्या मर्यादेत बचत खातं स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये याबद्दलच्या सूचना नव्यानं दिल्या आहेत. त्याहून लहान मुलांचं खातं पालकांमार्फत उघडता येतं. पण खातं वेगळं आणि करार वेगळा. आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलानं केलेला करार बंधनकारक धरत नाहीत. म्हणून कामाचं बोलणं, रक्कम आणि तारीख आईबाबांच्या नावानं ठरवावी. यात तुमचा अपमान नाही. मायकेलअँजेलोलाही मध्ये याकोपो गाल्ली लागलेच ना? तुमचे याकोपो गाल्ली घरातच आहेत!

पैसे आईच्या खात्यात गेले तरी कमाई कुणाची, हे मात्र वहीत लिहून ठेवा. कागदाचे किती, पेन्सिलींचे किती, उरले किती. गणिताचा सरावही होतो.

आता चित्राकडे परत येते. त्या संध्याकाळी आम्ही १९३० या नंबरावर फोन लावला. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हा देशभरचा नंबर. बँकेलाही कळवलं आणि सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तक्रार जितक्या लवकर जाईल तितकी पुढे गेलेली रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त असते. आमचे पहिले दोन तास रडण्यात आणि 'कुणाला सांगू नका' म्हणण्यात गेले. हे तुम्ही करू नका. फसवला गेला त्यानं लाजायचं नसतं, फसवणाऱ्यानं लाजायचं असतं. घरी ओरडा बसेल म्हणून लपवू नका. ओरडा दहा मिनिटांचा असतो. हे लिहितेय तोवर ते सहा हजार परत आलेले नाहीत.

त्या चित्रातले नवराबायको कोण, हेही आम्हाला ठाऊक नाही. त्या माणसाचे आईबाबा तर ते नसावेतच. कुणाचा तरी फोटो कुठून तरी उचललेला असणार. चित्र चित्राच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं आहे. फाडून टाकवत नाही, म्हणते.

आई म्हणाली होती, "बास झालं ते चित्रं विकणं." चित्रानं दीड महिना पेन्सिल हातात धरली नाही. माझ्या जिवाला ते सहा हजारांपेक्षा जास्त लागलं. मग एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले आणि आम्ही तिघींनी बसून एक चिठ्ठी तयार केली. आता जो कुणी काम सांगेल त्याला आधी ही चिठ्ठी जाते. चिठ्ठी अशी आहे:

'चित्राचा आकार आणि प्रकार अमुक. एकूण रक्कम अमुक. निम्मी रक्कम आधी, ती खात्यात दिसल्यावर काम सुरू होईल. कच्चं रेखाटन दाखवल्यावर एकदा बदल करून मिळेल. काम अमुक तारखेला पूर्ण होईल. उरलेली रक्कम खात्यात दिसल्यावर चित्र मिळेल. आमच्याकडून काम झालं नाही तर घेतलेली रक्कम पूर्ण परत मिळेल. रेखाटन पसंत केल्यावर तुम्ही काम थांबवलंत तर आधीची रक्कम परत मिळणार नाही. सर्व बोलणं आईच्या फोनवर करावं.'

एवढंच. चांगलं गिऱ्हाईक अशी चिठ्ठी बघून खूश होतं, कारण त्यालाही भरवसा मिळतो. आणि लबाड असेल तो आपोआप पळतो. चिठ्ठी पाठवल्यावर दोन जणांनी पुन्हा निरोपच केला नाही. चित्रा हिरमुसली. मी म्हटलं, "अगं, रात्री जागायचं वाचलं!"

तिसरं काम आलं ते आमच्याच केंद्रातल्या एका निवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या चित्राचं. रक्कम बाराशे. सहाशे आधी आले, रेखाटन पसंत पडलं, चित्र झालं. मागच्या आठवड्यात मी मधल्या सुट्टीत डबा उघडत होते, तेवढ्यात चित्राची आई आली. हातात फोन होता.

"बाई, पैसे आले," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत हसून म्हणाली, "बघितलं हो. खात्यात बघितलं, मगच आले सांगायला."

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या एखाद्या कामासाठी अशी चिठ्ठी तयार करा. चित्र असो, कंदील असो, मेंदी असो. घरच्यांना वाचून दाखवा आणि 'मधली सुट्टी'कडे पाठवा. आणि आईबाबांना, आजीआजोबांनाही एक प्रश्न नक्की विचारा: पैसे घ्यायला पिन लागतो का?

उत्तर चुकलं तर त्यांना ही गोष्ट सांगा. हो, माझ्या फजितीसकट!

तुमच्या,
बाई